म्हातारा चित्रकार ओनो: खरंच पश्चात्ताप करतोय, का स्वतःला मोठं करून सांगतोय?

गोदाकाठची (नांदेड)

नमस्कार मंडळी. काझुओ इशिगुरोची 'ॲन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' इथं कुणी वाचलीय का? मी परवा संपवली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जाईना, म्हणून विचारायले. शेवटाबद्दलच प्रश्न आहे, त्यामुळं ज्यांना वाचायचीय त्यांनी इथंच थांबा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मासुजी ओनो नावाचा रिटायर झालेला चित्रकार, महायुद्ध हरलेलं जपान, शहराचं नाव लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. बायको बॉम्बहल्ल्यात गेली, एकुलता एक मुलगा मांचुरियात लढताना गेला. दोन मुली, थोरली सेत्सुको लग्न होऊन दुसऱ्या गावी आणि धाकटी नोरिको लग्नाची. युद्धाच्या आधी ओनोनं देशभक्तीची, सैन्याला चेतवणारी चित्रं काढलेली, तेव्हा त्याला केवढा मान होता, आणि आता तीच चित्रं घरात कुठंच लावलेली नाहीत. छोटा नातू विचारतो आजोबा तुमची चित्रं कुठंयत, तर हा म्हणतो सध्या आवरून ठेवलीत.

नोरिकोची एक सोयरीक आदल्या वर्षी मोडलेली असते, कशामुळं ते कुणी स्पष्ट बोलत नाही. मग साइतोंच्या घरचं स्थळ येतं, ओनो सांगतो की सेत्सुको त्याला म्हणाली 'आधीच काही पावलं उचला', आणि त्याला वाटायला लागतं की आता समोरचे आपल्या जुन्या दिवसांची चौकशी करणार, म्हणून तो एकेका जुन्या ओळखीच्याला गाठत फिरतो. हे तर मला आमच्याच घरातलं वाटलं. ताईच्या वेळी पाहुण्यांनी आमच्या गल्लीत माणूस पाठवून किराणा दुकानदाराला विचारलं होतं, घर कसंय, भाऊबंदकी आहे का, वडील घेतात का. तो महिनाभर बाबा गल्लीतल्या सगळ्यांशी जास्तच गोड बोलायचे, जे कधी बोलायचे नाहीत त्यांच्याशीसुद्धा.

आता मुद्दा. मुलगा-मुलगी बघायच्या त्या हॉटेलातल्या जेवणात ओनो सगळ्यांसमोर स्वतःहून कबूल करतो की माझ्यासारख्यांमुळं देशाचं नुकसान झालं, माझं चुकलं. सगळे गप्प. लग्न जमतं. वाचणारा म्हणतो चला, माणसानं मान खाली घातली. पण पुढं वर्षभरानं सेत्सुको म्हणते, बाबा मी तुम्हाला 'आधीच काही पावलं उचला' असं म्हणाल्याचं मला काही आठवत नाही, आणि साइतोंना तर तुमच्या बोलण्याचं नवलच वाटलं होतं, तुमच्या कामाचं त्यांना तेवढं माहीतच नव्हतं, तुम्ही फक्त चित्रकार होता. मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे आपण दोनशे पानं कुणाचं ऐकत होतो? तो खोटं बोलतोय, का विसरलाय, का मुलगीच त्याला सांभाळून घ्यायलीय?

आणि अजून एक. पहिल्या भागावर लिहिलंय ऑक्टोबर १९४८. मी तिथंच थांबले. सप्टेंबर १९४८ ला आपल्याकडं पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजामाचं राज्य संपलं, आणि पुढच्याच महिन्यात तिकडं हा म्हातारा व्हरांड्यात बसून मी काय केलं होतं ते आठवायलाय. माझे पणजोबा त्या महिन्यात काय आठवत बसले असतील, हा विचार मनात आला आणि पुस्तक वेगळंच वाटायला लागलं.

जुनं_पान (संभाजीनगर)

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझी अतिशय आवडती कादंबरी आहे. १९८६ ची, त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला होता आणि बुकरच्या शेवटच्या यादीतही होती. इशिगुरोचा जन्म नागासाकीचा, पाच वर्षांचा असताना इंग्लंडला गेला, आणि ही कादंबरी लिहीपर्यंत तो जपानला परत गेलेलाच नव्हता, पहिल्यांदा गेला १९८९ साली. म्हणजे हे सगळं शहर, ते दारूचे अड्डे, कंदिलांचा उजेड, हे त्यानं लहानपणीच्या आठवणीतून आणि मनातून उभं केलं. आठवणीवर लिहिणाऱ्यानं आठवणीवर भरवसा ठेवू नका म्हणून सांगावं, मला हे फार मोठं वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते त्या मंडपाच्या प्रसंगात आहे. ओनोचे गुरू मोरीसान, ज्यांच्या वाड्यावर तो सात वर्षं शिकतो, त्यांना कळतं की पोरगा आपली वाट सोडून वेगळंच काही काढायलाय. ते त्याची चित्रं ताब्यात घेतात आणि तू अलीकडं नवलाईच्या वाटा धुंडाळतोयस अशा अर्थाचं काहीतरी बोलतात. आणि तिथंच ओनो हळूच सांगून जातो की हे शब्द नेमके मोरीसानांचेच होते असं नाही, असंच मी पुढं कधीतरी माझ्या शिष्याला, कुरोदाला बोललो असेन. एवढं एकच वाक्य, नजर चुकली तर निसटून जातं. गुरूनं आपल्याला केलं ते आणि आपण शिष्याला केलं ते, दोन्ही त्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळलंय. हे खोटं बोलणं नाही हो. आपल्यावर झालेला अन्याय आठवायला गेलं की आपण केलेलाच वर येतो, असं काहीतरी होतंय त्याला.

लहानपणी बापानं त्याची चित्रं दिवाणखान्यात मागवून घेतली तेव्हा जळका वास घरभर येत होता, तो वास पुढं कुरोदाच्या घराशी परत येतो बघा. लेखक काहीच समजावून सांगत नाही. वास फक्त येतो.

आणि मोठं करून सांगतोय का, तर मला वाटतं हो. सगळा मान गेल्यावर माणसाला निदान आपली चूक तरी मोठी होती असं वाटावं लागतं. नाहीतर आयुष्यभर केलं काय?

उदगीरचा

मी थोडा वेगळा बोलतो, राग मानू नका. मला ओनोबद्दल एवढा कळवळा येत नाही, आणि 'फक्त चित्रकार होता' हे तर बिलकुल पटत नाही. चित्रं काढली ते एक वेळ सोडून देऊ, जमान्याच्या वाऱ्यानं काढली म्हणू. पण कुरोदाचं नाव त्या देशविरोधी कारवाया शोधणाऱ्या समितीला दिलं कुणी? हातानं आणि तोंडानं कुणी केलं ते? पोलीस कुरोदाच्या घरी जाऊन चित्रं जाळतात, त्याला आत टाकतात, तिथं मारहाण होते, आणि हा तिथं दारात येऊन म्हणतो मी तर फक्त सुचवलं होतं की कुणीतरी जाऊन त्याला चार शब्द समजावून सांगावं, त्याच्याच भल्यासाठी. ते वाक्य वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. युद्धानंतर तो कुरोदाला भेटायला जातो तेव्हा घरात कुरोदाचा एक तरुण शिष्य असतो, आधी गोड बोलतो, चहा वगैरे, आणि हा कोण ते कळल्याबरोबर त्याचा चेहराच बदलतो. त्या पोराला सगळं माहीत आहे. वाचणाऱ्यानं पण ते विसरू नये, एवढंच माझं म्हणणं.

सेत्सुको त्याच्या चित्रांबद्दल बोलते, कुरोदाबद्दल ती चकार शब्द काढत नाही. बहुतेक घरात कुणालाच ते पूर्ण माहीत नसावं.

आता तुमचा ४८ चा मुद्दा. ताई, तुम्ही ते लिहिलं आणि मला रात्री झोप लागली नाही म्हणा. आमचे पणजोबा रझाकारांच्या गोष्टी लई रंगवून सांगायचे, आज्जी सांगायची की ते सांगायला बसले की पोरं हलायची नाहीत. सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, भाकरी कशा पोचवायच्या, शिंदीची झाडं कशी तोडली, सगळं. ते खोटं नव्हतं, त्रास खरंच झाला होता लोकांना. पण ॲक्शन झाल्यावर पुढच्या महिन्यात गावात काय झालं, आमच्या शेजारचं मुसलमानाचं घर रिकामं कसं झालं, ते कुणी विचारलं की पणजोबा अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागायचे. माझ्या वडिलांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सुपारी. केंद्र सरकारनं तेव्हा पंडित सुंदरलालांची समिती पाठवली होती चौकशीला, तिचा अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आलाच नाही. सरकारच सुपारी कातरत बसलं म्हटल्यावर आमच्या म्हाताऱ्याला काय बोलावं.

ते घर आता आमच्याच वाड्यात आलंय, मध्ये भिंत होती ती पाडली. ओनोचं घर आठवा, सुगिमुरा नावाच्या मोठ्या माणसाचं, त्याच्या मुली ते कमी किमतीत देतात पण घेणाऱ्याची इज्जत तपासून, पैशाचा लिलाव नाही, चांगुलपणाचा लिलाव. ओनोला त्याचा किती अभिमान! मी ते पान वाचताना आमच्या त्या पाडलेल्या भिंतीच्या जागी बसलो होतो. यापुढं काय लिहावं ते कळत नाही.

गोदाकाठची (नांदेड)

दादा, राग कशाला मानू. तुम्ही हे इथं लिहिलं, खूप मोठी गोष्ट आहे. कुरोदाचं तुमचं पटलं, मी ते दोन्ही एकत्रच धरत होते, चित्रं आणि चुगली.

पेंटर_काका (बीड)

नमस्कार सर्वांना. मी पुस्तक वाचलेलं नाही, इंग्रजी येत नाही. पण ताईंनी आणि बाकीच्यांनी जे लिहिलं ते दोनदा वाचलं. माझं वय आता एकोणसत्तर चालू आहे. मी पाट्या रंगवायचो, चित्रकार म्हणण्याएवढा मोठा नाही पण ब्रशवर घर चालवलं. मोबाईलवर टाईप करायलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

७२ च्या दुष्काळात गावाकडं खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि ७३ ला बीडला एका पेंटरकडं कामाला लागलो. पहिलं वर्ष नुसते ब्रश धुतले. आधी रॉकेलमध्ये खळखळून काढायचा, मग साबणानं, मग केस ओले असतानाच बोटानं टोक काढून आडवा ठेवायचा. टोक वाकडं वाळलं की उस्तादची चापट बसायची. दुसऱ्या वर्षी डाव्या हातात काठी दिली, टोकाला चिंध्या गुंडाळलेली, ती पाटीवर टेकवायची आणि तिच्यावर उजवं मनगट ठेवून अक्षर ओढायचं, म्हणजे हात थरथरत नाही.

७६ ला कुटुंब नियोजनाच्या भिंतींचं काम आलं. आणीबाणी होती. मी आणि माझा जोडीदार, दोघं सायकलीवर, मागं कॅरेजला डबे बांधलेले. एका गावाला दोन भिंती, शाळेची आणि चावडीची. भिंतीला चुन्याचे दोन हात मारायचे, वाळलं की दोरी गेरूत बुडवून दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधून उचलून फट्कन सोडायची, सरळ रेघ उठते. तिच्यावर उलटा लाल त्रिकोण, चार चेहरे, आई बाप पोरगा पोरगी, आणि खाली अक्षरं. चेहरे साधेच काढा, गोल, म्हणून सांगितलं होतं. पण मी लई मन लावून काढायचो. बापाला पटका, बाईला नाकात फुली, पोरीच्या दोन वेण्या आणि एका वेणीची रिबीन सुटलेली. ती सुटलेली रिबीन कुणी काढायला सांगितली नव्हती, ती माझी होती.

आम्ही रंगवून गेलो की आठ-पंधरा दिवसात मागून गाडी यायची माणसं नसबंदीला न्यायला. गावांना ते कळालं. मग आम्ही सायकलवरून उतरलो की बाप्ये ज्वारीत निघून जायचे. एका गावात एक म्हातारी डब्याजवळ येऊन उभी राहिली, म्हणाली बाबा माझ्या लेकाचं लगीन व्हायचंय अजून, तेवढा तांबडा लावू नको. मी हसलो. एकोणीस-वीस वर्षाचा होतो. म्हणलं मावशे, मी नुसता रंगवायलो, मला काय करायचंय. आणि लावला.

त्या लेकाचं काय झालं मला माहीत नाही. पुन्हा त्या गावात गेलो नाही.

आता ताईंचा प्रश्न. ती मुलगी बापाला म्हणते तुम्ही फक्त चित्रकार होता. माझी पोरगी पण मला हेच म्हणते, बाबा तुम्ही साधे मजूर होता, सांगेल ते रंगवायचे, कशाला जीवाला लावून घेता. ती चांगल्या मनानं म्हणते. पण मला बरं वाटत नाही ते ऐकून, आणि का ते मला कळत नव्हतं. तुमचं वाचून थोडं कळालं. मजूर होतो म्हणलं की मग ती रिबीन पण माझी राहत नाही. चेहरे माझे, ते चांगले होते असं म्हणायचं असेल तर त्रिकोण पण माझाच म्हणावा लागतो, एक धरून दुसरं सोडता येत नाही. तुमच्या ओनोला हेच होत असंल. ते बढाई मारायलेत असं मला काही वाटत नाही.

एक मात्र समाधान आहे. दुकानाच्या पाटीला खाली उजव्या कोपऱ्यात आम्ही बारीक अक्षरात नाव टाकायचो, पेंटर अमुक, बीड. त्या त्रिकोणांवर मी एकाही भिंतीवर नाव टाकलं नाही. मनाला पटत नव्हतं.

जुनं_पान (संभाजीनगर)

काका, मी तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

माहिती म्हणून एक जोडतो, तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. म्हणजे ज्वारीत पळणारी माणसं उगाच पळत नव्हती. आणि ज्या पोरानं भिंत रंगवली त्याला यातलं काय ठाऊक असणार.

तुम्ही ओनोबद्दल जे लिहिलंय ते मी या पुस्तकाबद्दल आजवर कुठं वाचलं नव्हतं. मी मघाशी लिहिलं की मान गेला म्हणून तो चूक मोठी करतो. ते जरा वरवरचं झालं. तुमचं जास्त खरं आहे.

पेंटर_काका (बीड)

माहीत नव्हतं हे खरं, पण म्हातारी समोर उभी होती, तिचं तर ऐकू आलं होतं ना. ७७ च्या निवडणुकीत आम्ही एकाच आठवड्यात काँग्रेसचं गाय-वासरूही काढलं आणि जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरीही काढला, तेव्हा काही वाटलं नाही. त्रिकोणाचंच वाटतं.

उदगीरचा

काका, एक विचारू का, वाईट वाटलं तर उत्तर देऊ नका. नाव टाकलं नाही ते त्याच वेळी मनाला पटत नव्हतं म्हणून, का आता मागं बघताना तसं वाटतंय? तुम्ही म्हातारीला हसलात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून विचारतो. हे तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी विचारायलो. माझ्या पणजोबांना मला हेच विचारायचं होतं आणि ते राहिलं.

गोदाकाठची (नांदेड)

काकांना उत्तर द्यायची घाई नाही, त्यांना वेळ घेऊ द्या. तोवर मी माझं सांगते. काल मी शेवटचा भाग परत वाचला, जून १९५० चा. जुनी दारूची गल्ली पाडून तिथं ऑफिसं झालीत, ओनो नेहमी जायचा तो बाईंचा बार जिथं होता साधारण त्याच जागी एक बाकडं आहे, ओनो तिथं बसून पांढऱ्या शर्टातली हसत जाणारी पोरं बघतो. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं की सुटला बाबा. आता वाटलं की त्याला अजून कुणीतरी कुरोदाबद्दल विचारायला पाहिजे होतं, घरातल्या कुणीतरी. सेत्सुकोनं विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? तिनं न विचारता त्याला मोकळं करून टाकलं. ती चांगली मुलगी आहे, मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तेच चुकतं का काय असं वाटायलंय मला. आज रात्री आजोबांना फोन करणार आहे. ते पणजोबांच्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होते, त्यांना थोडंतरी आठवत असेल. अजून ऐकू नीट येतं त्यांना.

पेंटर_काका (बीड)

चार दिवसांनी लिहायलो, मध्ये तब्येत जरा बरी नव्हती.

उदगीरच्या दादांनी विचारलं ते वाईट वाटलं नाही. पण मला स्वतःला खात्री देता येईना, म्हणून काल केजला जोडीदाराला फोन लावला, तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग विचारलं, अरे आपण त्या त्रिकोणाच्या भिंतींवर नाव टाकत नव्हतो ना? तो म्हणाला, येड्या, पहिल्याच भिंतीवर टाकलं होतंस की तू, त्रिकोणाच्या टोकाच्या खाली, चांगलं बोटभर उंचीचं, खाली झोकदार रेघ मारून. बघायला आलेला साहेब चिडला, सरकारी भिंतीवर पेंटरचं नाव कशाला म्हणून, आणि पुसायला मला लावलं. रॉकेलनं पुसता पुसता खालचा चुना निघाला, परत एक हात मारावा लागला, दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीला आपण परत गेलो. म्हणून पुढच्या भिंतींवर टाकलं नाहीस. दोन दिवस तोंड पाडून सायकल चालवत होतास.

मला हे काहीच आठवत नाही. त्या भिंतीला परत चुना मारल्याचं आठवतं, पण मला वाटायचं तो पावसानं गेला होता.